मॉरिस कोणाला बरी

आबांना जाऊन सहा महिने होत आले आणि दीपमालाच्या दोन्ही भावांना एकाएकी घोटावड्याची ओढ लागली. आबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा थोरल्या भूषणला ऑफिसातून हलता येत नव्हतं आणि धाकट्या अतुलच्या दुकानात माणसं टिकत नव्हती. आता मात्र दर रविवारी दोघंही सकाळीच दारात हजर. यायचे, आईला जयभीम करायचे, आबांच्या फोटोपुढे हात जोडायचे, चहा अर्धाच ठेवायचे आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडकडे वळायचे. ओढ कसली आहे ते दीपमालाला पहिल्याच रविवारी कळलं होतं. फक्त किती वेळा आल्यावर तोंड उघडतात, एवढंच ती बघत होती.

शेडमध्ये आबांच्या दोन गाड्या होत्या. आबा खडकीच्या लष्करी वर्कशॉपात फोरमन होते, आणि दुसरी माणसं दागिने जपतात तसा त्यांनी भंगार जपलं. एक होती मॉरिस मायनर. चार दारांची, फिक्या हिरव्या रंगाची, सगळ्या बाजूंनी फुगलेली. कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या पारशीणबाईंनी जागा अडते म्हणून ती आबांच्या गळ्यात घातली होती. दुसरी एमजी. लाल, उघडी, दोनच माणसांची. लांब नाक, बाहेर काढलेल्या डोळ्यांसारखे दिवे आणि पाठीवर बांधलेलं स्टेपनीचं चाक. ती एका ओसाड बंगल्याच्या आवारात सापडली तेव्हा तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. दोन्ही विलायतेत जन्मलेल्या, दोन्ही आबांपेक्षा वयानं थोरल्या. नोकरीतून सुटल्यावर उरलेलं सगळं आयुष्य आबांनी त्या दोघींवर खर्च केलं. त्यांच्या बायकोचं, फुलाबाईचं, म्हणणं असं की तेवढी तेलपाण्याची काळजी त्यांनी कुठल्या जित्या माणसाची घेतली नाही.

दीपमाला अठ्ठेचाळिशीची. लग्न केलं नाही. घोटावड्याच्याच एका कारखान्यात कामगारांच्या बसगाड्यांची व्यवस्था बघायची. रोज सकाळी कुठली ना कुठली बस उशिरा यायची आणि ड्रायव्हर खाली उतरून गाडीची एक नवीन व्याधी सांगायचा. गाडीत खोट आहे की माणसात, हे तिला आता त्याच्या चालण्यावरूनच कळायचं. निम्म्याहून जास्त वेळा ती माणसात असायची.

पाचव्या रविवारी भूषणनं विषय काढला. भूषण म्हणजे बुद्धभूषण. हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत मॅनेजर, वाकडला मोठा फ्लॅट, बोलताना समोर पडदा असल्यासारखे हात हलवायचा.

"ताई, मला वाटतं आता गाड्यांचं काहीतरी फायनल करू या. आबांची आठवण आहे. नुसती शेडमध्ये गंजायला नको."

"गंजत नाहीत," दीपमाला म्हणाली. "दर आठवड्याला सुरू करते मी."

"हो, हो. ते आहेच. पण लाँग टर्म बघायला हवं ना. मला विचारशील तर मॉरिस अतुलनं घ्यावी. त्याच्या दोन मुली, सासूबाई, दुकानाचा माल. चार दारं, मागं डिकी, एकदम फॅमिली कार. इतकी प्रॅक्टिकल गाडी आजही मिळत नाही."

अतुलनं बशीतला चहा संपवला. कोथरूडला त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाला न जमणारी फ्रेम शोभतेय असं सांगण्यात त्याची हयात चालली होती.

"दादा, उलट मॉरिस तुलाच बरी," तो गोडीनं म्हणाला. "तू वाकडच्या ट्रॅफिकमध्ये राहतोस. तिथं स्पीड काय कामाचा? मॉरिसचं इंजिन लहान, पेट्रोल कमी पिते, वर टप आहे. वहिनीचे केस उडणार नाहीत. एमजी तुला झेपायची नाही रे. पाठीचा त्रास आहे तुला."

"माझी पाठ ठीक आहे."

"मागच्या महिन्यात पट्टा लावून आला होतास."

मग दोघांनी अर्धा तास मॉरिसची तोंडभरून स्तुती केली. तिचं स्टिअरिंग किती हलकं, तिचे पार्ट किती सहज मिळतात, तिला म्हातारीकोतारी माणसंही कशी आरामात बसतात. भूषणनं कुठून तरी वाचलं होतं की त्या काळी इंग्लंडातले डॉक्टर आणि नर्सबाया हीच गाडी वापरत. एमजीबद्दल मात्र दोघंही वाईटच बोलत होते. तिला इंजिन मोठं, दोन-दोन कार्बोरेटर, पळते म्हणजे काय ती एक जोरात. पण सामान कुठं ठेवायचं, पाऊस आला तर काय करायचं, पेट्रोल किती उरलंय ते कळायला काटासुद्धा नाही, टाकीत काठी बुडवून बघावं लागतं. अशी डोकेदुखी कोण घेणार. तरी एकमेकांवरच्या मायेपोटी ती डोकेदुखी सोसायला दोघंही तयार होते.

दीपमाला उंबऱ्यावर बसून ऐकत होती. लहानपणी ताटातला मटणाचा मोठा तुकडा आपल्याला मिळावा म्हणून हे दोघं रश्शाचे असेच गोडवे गायचे, आणि तेव्हाही त्यांना वाटायचं की कुणाला कळत नाही. चाळिशी उलटली तरी त्यांच्या लबाडीला अक्कल म्हणून फुटली नाही, याची तिला चीड येण्याऐवजी कंटाळाच आला.

"ताई, तूच ठरव," शेवटी भूषण म्हणाला. "तुला गाड्यांतलं कळतं. तू न्यूट्रल आहेस."

"हो, ताई सांगेल ते," अतुल म्हणाला. "एक दिवस दोन्ही गाड्या चालवून बघू. चढ, खराब रस्ता, सामान, सगळं. कुठली कोणाच्या उपयोगाची ते तू सांग. तुला काय, तुला दोन्ही सारख्याच."

तुला दोन्ही सारख्याच. दीपमालानं मान वर करून दोघांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. म्हणजे त्यात डावही नव्हता. आबांच्या दोन गाड्या, आबांचे दोन मुलगे. तिसरं कुणी असेल, चौथं कुणी असेल, हा विचार त्यांच्या डोक्याला शिवलाच नव्हता. मेल्यांना निदान तेवढा तरी लबाडपणा सुचायला हवा होता, असं तिला वाटून गेलं.

फुलाबाई आतून लसूण सोलत ऐकत होती. ती म्हणाली, "गाड्या फिरवायच्याच हायेत तर कोळवणला जावा. मामाकडं तांदळाचं पोतं काढून ठिवलंय. रिकामं कशाला हिंडताय?"

पुढच्या रविवारी निघायचं ठरलं.

त्या दिवशी सकाळी शेडचं दार उघडलं तेव्हा आधीच्या दोन रात्री दोन्ही भावांनी गाड्यांवर काय काय वाचून काढलंय ते कळलं. भूषण अश्वशक्तीच्या गोष्टी करत होता, अतुल गिअरच्या. दोघांनाही आयुष्यात एमजी चालवायला मिळाली नव्हती. आबांनी दिली नव्हती. 'पोरांसाठी ठेवलीय,' असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. पण पोरं आली की म्हणायचे, 'अजून हात बसू दे.' दीपमालाला त्यांनी गाडी शिकवली ती मॉरिसवर. अठराव्या वर्षी, पिरंगुटच्या रस्त्यावर, एकदाही न ओरडता. त्या एका गोष्टीसाठी ती आबांना खूप माफ करायची. पण तिनं एकदा एमजीच्या दाराला हात घातला तेव्हा ते सहज म्हणाले होते, 'ती नको. ती पोरांची हाय.' त्या वेळी भूषण नववीत होता आणि त्याला सायकलचं पंक्चरही ओळखू येत नव्हतं.

आबा आजारी पडल्यावर मात्र एमजी तिच्याच हातात आली. बॅटरी उतरू नये म्हणून आबांनीच पलंगावरून सांगितलं, जरा फिरवून आण. मग दर आठवड्याला ती पहाटेची घोटावड्याच्या माळावरून रिहे खोऱ्याच्या दिशेनं जाऊन यायची. आबांनी विचारलं की म्हणायची, सुरू झाली, बंद केली. त्यांनाही पेट्रोलच्या खर्चावरून कळत असणारच. दोघंही बोलले नाहीत.

भावांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि सांगावं असं तिला वाटलं नाही.

जाताना एमजी अतुलनं घेतली, कारण तो आधी जाऊन बसला. दीपमाला त्याच्या शेजारी. मॉरिस भूषणकडे, तिच्यात मागे फुलाबाई, मांडीवर भाकऱ्यांचा डबा.

अतुलनं पहिला गिअर टाकला तेव्हा दगडी जात्यात खिळा पडावा तसा आवाज आला.

"गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला पडत नाही," दीपमाला म्हणाली.

"माहितीय. जुना गिअरबॉक्स आहे, थोडी कुरकुर करणारच."

पौडपर्यंत गिअरबॉक्सनं कुरकुर केली. अतुल तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला बोंबलायला लावायचा आणि चौथ्यात चढाला लागायचा. वाऱ्यानं त्याचे विरळ केस उभे राहिले होते आणि त्यानं काळा गॉगल लावला होता. बाजूनं जाणाऱ्या मोटारसायकलवरच्या पोरांनी मोबाईल काढला की तो एक हात स्टिअरिंगवरून काढून दाराच्या कडेवर टेकवायचा. "बघतायत," तो दर वेळी म्हणायचा. दीपमालाला वाटलं, बघणार नाहीत तर काय; लग्नाच्या वरातीतलं घोडंसुद्धा लोक बघतात, आणि त्याला निदान आपण कोणासाठी सजलोय हे माहीत नसतं.

मागे मॉरिसचे वेगळेच हाल चालले होते. भूषणला ऑटोमॅटिक गाडीची सवय. क्लच हा प्रकार त्याला मधेमधे आठवायचा. ती पौडच्या चौकात दोनदा बंद पडली. वळताना दाखवायचा हात, म्हणजे मॉरिसच्या खांबातून बाहेर येणारी ती पिवळी पट्टी, त्यानं उजवीकडची काढली आणि वळला डावीकडे. मागून ट्रकवाला आईबहिणीवर आला. फुलाबाईनं काच खाली करून त्याला सांगितलं, "जा बाबा, त्याला न्हाई येत."

कोळवणचा फाटा सोडल्यावर रस्ता अरुंद झाला. भाताची कापणी होऊन खाचरं मोकळी पडली होती. अधूनमधून पुण्याच्या लोकांच्या फार्महाऊसांच्या भिंती, त्यांच्यावर बोगनवेली आणि कुत्र्यांपासून सावध राहण्याच्या पाट्या. पुढे एक जीप माणसं भरून रमतगमत चालली होती. अतुलला तिच्या मागं राहणं सोसेना.

"आता बघ पिकअप," तो म्हणाला.

"पुढं वळण आहे."

"ताई, ही स्पोर्ट्स कार आहे."

त्यानं जीपला बाजू काढली आणि वळणावर समोरून एसटी आली. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला आणि बस जागच्या जागी थांबवली. अतुलला थांबणं सुचलं नाही. त्यानं उजवीकडे स्टिअरिंग फिरवलं. एमजी रस्त्याची कड सोडून खाली उतरली, खाचराच्या बांधावर पोटानं बसली आणि पुढची दोन्ही चाकं हवेत ठेवून थांबली. इंजिन एकदा खोकलं आणि गप झालं.

दीपमालाला लागलं नाही. तिनं आधी अतुलकडे पाहिलं, तोही धड होता. गॉगल नाकावरून ओठांवर आला होता.

"रस्ते बघ कसे करून ठेवलेत," तो म्हणाला.

एसटीतली माणसं खिडक्यांतून बघत होती. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. ड्रायव्हर उतरून आला, बांधावर उकिडवा बसून त्यानं गाडीच्या खाली पाहिलं. "काय न्हाई झालं," तो दीपमालाला म्हणाला, अतुलकडे त्याचं लक्षच नव्हतं. "हलकी हाय. उचलू." जीपमधले लोक, बसमधले चारपाच गडी आणि मागून येऊन पोचलेला भूषण, सगळे मिळून वाकले. भूषणनं पाठीला हात लावला आणि तो बाजूला झाला. बाकीच्यांनी गाडी उचलून, म्हैस रेटावी तशी रेटून रस्त्यावर आणली. बांध मऊ मातीचा, म्हणून एमजीच्या पोटाला गवत लागलं त्यापलीकडे काही झालं नाही. एसटी निघून गेली.

"ग्राउंड क्लिअरन्स कमी आहे हिचा," भूषण धापा टाकत म्हणाला. तो एकही किलो उचलल्याशिवाय धापा टाकत होता. "मी म्हटलं नव्हतं? अतुल, तुला ही नकोच. मॉरिसच घे."

"मॉरिस तुझ्या हातात पौडला दोनदा मेली. दादा, तुझा हात तिच्यावर बसायला लागलाय, आता सोडू नको."

दीपमालानं एमजीची किल्ली काढून ओच्यात खोवली.

"अतुल, मॉरिसमध्ये जाऊन बस."

"ताई, तू चालवणार ही? हिला सवय लागते."

"बस जाऊन."

फुलाबाईनं मॉरिसचं मागचं दार उघडून डबा बाजूला सरकवला आणि धाकट्या लेकाला जागा करून दिली. तो गॉगल खिशात घालून आत शिरला.

मामांच्या घरी पोचल्यावर तांदळाच्या पोत्याचा प्रश्न आला. मॉरिसची डिकी उघडली तर तिच्यात भूषणनं घरून आणलेली खुर्ची, छत्री आणि कॅमेऱ्याचं तिकाटणं होतं. वाटेतल्या एखाद्या तळ्याकाठी मॉरिससमोर अतुलचे फोटो काढून त्याला ती कशी शोभते ते दाखवायचा त्याचा बेत होता. ते सामान काढून ठेवायला तो तयार होईना, कारण ते एमजीत ठेवायला जागा नव्हती. दोघा भावांचा वाद सुरू झाला. तो ऐकत मामा पोतं पाठीवर घेऊन उभे होते.

"मामा, हितं ठेवा," दीपमाला म्हणाली आणि तिनं एमजीचं शेजारचं दार उघडलं.

पोतं सीटवर बसवलं. अतुलपेक्षा ते स्थिर बसलं.

परत निघताना तिनं मॉरिसला आधी जाऊ दिलं. मामांच्या अंगणातून तिला भूषणची पाठमोरी गाडी गावाबाहेरच्या चढाला लागलेली दिसत होती. मॉरिस दुसऱ्या गिअरवर रडत होती. मागे दोन मोटारसायकली, एक टेम्पो आणि पुण्याची एक पांढरी गाडी, अशी वरात जमली होती. मॉरिस वाईट गाडी होती असं नाही. दीपमालाला तिची खोड न् खोड ठाऊक होती. सपाटीला, भरल्या माणसांनी, कसलाही रस्ता असो, ती म्हणाल तितकी चालायची, पावसात कोरडी ठेवायची. पण तिच्यात बसलं की माणसाला कुणाच्या तरी बारशाला चाललोय असं वाटायचं. आयुष्यभर दीपमाला असल्याच उपयोगी वस्तूंत बसत आली होती.

तिनं एमजी सुरू केली. पहिला गिअर गाडी उभी असताना टाकला, तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. कोळवणचं शेवटचं घर मागे पडल्यावर तिनं तिसऱ्यात दाबली. गाडीनं मान खाली घातली आणि ती धावली. वळण आलं की स्टिअरिंगला नुसतं सांगायचं. रस्ता इतका जवळ होता की खाली हात सोडला तर डांबराला लागेल. चढावर गाडीचा आवाज बदलला, पण जोर कमी झाला नाही. उलट आत्ता कुठं कामाला लागल्यासारखी ती वर चढली. अतुल आणि भूषणनं नाइलाजानं कबूल केलेलं मोठं इंजिन ते हेच. टेम्पो गेला, पांढरी गाडी गेली, मोटारसायकली गेल्या. पुढं मोकळा सरळ रस्ता बघून तिनं हॉर्न दिला आणि मॉरिसच्या बाजूनं निघाली. एका क्षणासाठी तिला आतले चेहरे दिसले. भूषण स्टिअरिंगला दोन्ही हातांनी लटकला होता. अतुलनं तोंड फिरवलं. फुलाबाई मात्र काचेला नाक लावून लेकीकडे बघत होती, आणि तिनं डब्यावरचा हात उचलून जरासा हलवला.

दीपमालाला हसू आलं, आणि त्या हसण्यामागोमाग राग आला. भावांचा नव्हे. त्यांचा राग येण्याइतके ते मोठे नव्हते. आबांचा आला. ही गाडी असली आहे हे त्यांना माहीत होतं, दीपमाला काय आहे तेही माहीत होतं, आणि तरी ते म्हणाले, ती पोरांची. ज्या पोरांना बांधावरून गाडी काढता येत नाही त्यांची. पौडपर्यंत तो राग तिच्या शेजारी तांदळाच्या पोत्याबरोबर बसून आला. पौडला तिनं चौकाच्या बाजूला गाडी लावली, उसाचा रस घेतला. मॉरिस आली तेव्हा रस पिऊन पेला परत देऊन झाला होता.

दुपारी घरी जेवणं झाली. अंगणात सतरंजी टाकून सगळे बसले. भूषणनं घसा साफ केला.

"तर ताई. काय ऑब्झर्वेशन?"

"आधी तुम्ही सांगा," दीपमाला म्हणाली. "मॉरिस कशी वाटली?"

"बेस्ट," भूषण म्हणाला. "माणसं चार, सामान डिकीत, आईसुद्धा आरामात आली. अतुलनं घ्यायलाच पाहिजे."

"अतुल?"

"तेच म्हणतो मी. परफॉर्मन्स थोडा कमी, पण त्याला काय चाटायचंय? संसारी माणसाला मॉरिससारखी गाडी नाही. दादानं सोडू नये."

"म्हणजे दोघांनाही मॉरिस पटली."

दोघांनीही मान हलवली. आता मागं येता येत नव्हतं.

"मग मॉरिस तुम्हा दोघांची," दीपमाला म्हणाली. "एमजी मी आणि आई ठेवतो."

भूषणनं अतुलकडे पाहिलं, अतुलनं भूषणकडे.

"म्हणजे कसं?" भूषणनं विचारलं.

"आबांच्या मागं चार माणसं आहेत. आई, मी, तू, अतुल. गाड्या दोन. आईचा आणि माझा मिळून निम्मा वाटा, तुम्हा दोघांचा निम्मा. आम्ही दोघी राहतो. एमजीत दोन माणसं बसतात. तुमचे संसार मोठे, मॉरिसमध्ये चार बसतात."

"ताई, तू जज होतीस," अतुल म्हणाला. "आम्ही तुला कुठली कोणाला बरी ते विचारलं होतं."

"तेच सांगितलं."

"पण आबा म्हणायचे, एमजी पोरांसाठी ठेवलीय. सगळ्या गावाला माहितीय."

"म्हणायचे," दीपमाला म्हणाली. "चूक म्हणायचे."

आबांबद्दल असं या अंगणात कुणी बोललं नव्हतं. भूषण आईकडे वळला. त्याला वाटलं, आता आई लेकीला गप्प करेल.

"आई, तू तरी सांग. तू बसणार आहेस त्या उघड्या गाडीत, या वयात?"

फुलाबाईनं सुपारी कातरणं थांबवलं. "मला इचारलं व्हय तुमी?" ती म्हणाली. "सहा आयतवार झालं येताय. दोन गाड्यांचं दोन वाटं केलं. आपली आय जिती हाय, तिचा बी कायतरी वाटा आसंल, आसं कुनाच्या मनात आलं? गाडीत बसंन न्हाईतर तिच्यात परत कोंबड्या ठिवंन. माजी हाय."

अतुलनं वकिलाचा विषय काढला. भूषणला कायदा त्याच्यापेक्षा जास्त माहीत होता, म्हणून त्यानंच त्याला कोपरानं ढोसून गप्प केलं. मग ते जायला निघाले. किल्ली कोणी न्यायची यावर मॉरिसजवळ पुन्हा वाजलं. आज सकाळपर्यंत तिच्यासारखी गाडी पृथ्वीतलावर नव्हती. आता ती आपल्या दारात उभी राहू नये म्हणून दोघंही पार्किंगची अडचण सांगत होते. शेवटी भूषणनं नेली. फाटकातून बाहेर पडताना तिनं उजवा हात दाखवला आणि ती उजवीकडेच वळली, एवढी सुधारणा झाली होती.

मॉरिस पहिले तीन महिने वाकडला राहिली. सोसायटीच्या फरशीवर तेलाचे डाग पडले म्हणून भूषणची बायको प्रियदर्शिनी कमिटीशी भांडली, मग नवऱ्याशी भांडली. त्यानंतर गाडी कोथरूडला आली आणि दुकानासमोर गिऱ्हाइकांची जागा अडवू लागली. दर काही दिवसांनी दोघांपैकी एकाचा फोन यायचा, की ताई, त्याला सांग, आता पाळी त्याची आहे. दीपमाला फोन कानाला लावून कंपनीच्या बसगाड्यांच्या याद्या तपासत ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "तुमचं तुम्ही बघा." विकून टाकायची म्हटलं तर एकाची सही असली की दुसऱ्याचा रुसवा निघायचा. आबांच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला दोघंही आले. वंदना होईपर्यंत शहाण्यासारखे बसले, जेवले, शेडकडे न बघता गेले. फुलाबाईला त्याचं वाईट वाटलं. आपल्यालाही वाटेल असं दीपमालाला वाटलं होतं, पण वाटलं नाही. एवढंच की त्या दिवशी भात जास्त उरला.

एमजीनंही तिला काही सुख दिलं असं नाही. वर्षातले चार महिने ती चालवायच्या लायकीची नव्हतीच. कापडी टप घातला तरी शिवणीतून पाणी मांडीवर पडायचं. खड्ड्यात चाक गेलं की मणका मोजता यायचा. बाजार आणायचा तर आईला घरी ठेवावं लागायचं, आईला न्यायचं तर बाजार. भावांनी तिचे जे जे अवगुण सांगितले होते ते सगळे खरे निघाले. दीपमालानं ते कुणाजवळ कबूल केलं नाही.

उघडीप असली की रविवारी दोघी मुळशीला धरणापर्यंत जाऊन यायच्या. फुलाबाई डोक्याला मफलर गुंडाळून, दोन्ही हातांनी दार धरून बसायची आणि सगळ्या वाटेवर तक्रार करायची. एकदा तळ्याकाठी त्यांनी मासे घेतले, ते ठेवायला जागा नाही म्हणून फुलाबाईनं पिशवी पायाशी घेतली. रिसॉर्टमधून आलेला एक माणूस गाडीभोवती दोन फेऱ्या मारून थांबला. त्याच्या हातात मोबाईल होता आणि अंगात घरातल्यासारखी अर्धी चड्डी.

"फँटास्टिक गाडी," तो फुलाबाईला म्हणाला. "मालक कुठं आहेत? जरा बोलायचं होतं. विचारा ना, देणार का."

फुलाबाईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"बसा की हितं," ती म्हणाली. "येतील."

माशांचे पैसे देऊन आलेली दीपमाला दार उघडून आत बसली, गाडी सुरू केली आणि मागं बघत रस्त्यावर घेतली. मालक अजून यायचेच आहेत असं समजून तो माणूस दगडावर बसून रिसॉर्टच्या दाराकडे बघत राहिला. पहिल्या वळणाशी फुलाबाई म्हणाली, "हळू चालीव, मासं सांडतील." दीपमालानं तिसरा टाकला.